आतल्या कपाटातलं

हिनोमाचीतल्या साठीपुढच्या कुठल्याही बाईला विचारा, कुसाकाबेंच्या कापडदुकानात पाऊल ठेवलं की काय व्हायचं. ती आधी लाजेल, मग सांगेल. तोकुजिरो कुसाकाबे चटईवर गुडघे मोडून बसलेले असायचे. रेशमाचा तागा सर्रकन उलगडायचे, त्याचं टोक बाईच्या खांद्यावर टाकायचे, दोन हात मागे सरकायचे आणि मान किंचित तिरकी करून थांबायचे. किती थांबायचं, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. एक श्वास, बस्स. आणि मग, जणू आवरलंच नाही म्हणून ओठांतून निसटावं तसं म्हणायचे, "अहाहा. हा रंग इतके दिवस तुमचीच वाट बघत होता बघा."

बाई एका किमोनोचं कापड घ्यायला आलेली असायची आणि दोन किमोनोंचं घेऊन जायची.

जवळजवळ पन्नास वर्षं ही भूमिका त्यांनी एकही प्रवेश न चुकवता केली. पुढे गावात किमोनो नेसणारं कुणी उरलं नाही. सात वर्षांपूर्वी दुकानाची फळी कायमची लागली. तीन वर्षांपूर्वी फुसाए गेली, म्हणजे त्यांची बायको. मुलगी दूर साप्पोरोला, ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच विचारायची, "बाबा, जेवलात ना?" तेही तेच सांगायचे, "जेवलो." उरलेले सहा दिवस त्या घरात कुणी काही विचारत नव्हतं.

एक काम मात्र उरलं होतं. तोकुजिरो होगोशी होते. कोर्टाने ज्याला 'तुरुंगात जाऊ नकोस, पण तीन वर्षं नीट राहून दाखव' म्हणून बाहेर ठेवलंय, अशा माणसाला महिन्यातून दोनदा आपल्या घरी बोलवायचं, चहा द्यायचा, कामधंद्याची चौकशी करायची आणि महिनाअखेर सरकारी कागदावर चार ओळी लिहून पाठवायच्या. पगार नाही. वर एक अट. रस्त्यात गाठ पडली तर ओळख दाखवायची नाही. त्या माणसाचं मागचं गावाला कळता कामा नये. त्याची मुदत संपली तरी ही अट संपत नाही.

सव्वीस वर्षांत अठरा माणसं त्यांच्या बैठकीत बसून गेली होती. त्यांतला एक मासळीबाजारात होता, एक शाळेची बस चालवायचा. तोकुजिरो त्यांच्या समोरून विजेच्या खांबासमोरून जावं तसे जायचे. फुसाएच्या अंत्यविधीला सहा माणसं एकेकटी आली. उदबत्ती लावली, फोटोपुढे वाकली, तोकुजिरोंपुढेही वाकली, एक अक्षर बोलली नाहीत. "ही कोण मंडळी?" मुलीने हळूच विचारलं. "गिऱ्हाइकं," ते म्हणाले. किमोनो कधी अंगाला न लागलेली, राकट हातांची ती सहा गिऱ्हाइकं बघून मुलगी बुचकळ्यात पडली.

एकोणिसावा होता सेम्बा. वय त्रेचाळीस. बंद पडलेल्या कारखान्यातली तांब्याची तार कापून नेताना पकडला गेलेला. दोन नोकऱ्या धरून सोडल्या आणि आता वर्षभर गोन्दो मेस्त्रींकडे चुन्याच्या गिलाव्याचं काम शिकत होता. विशी-पंचविशीतली पोरं त्याला 'अरे, पाणी आण' म्हणत आणि तो आणत असे. फुसाएच्या माघारी आलेला हा पहिला माणूस, आणि शेवटचाही हाच. कारण पुढच्या सप्टेंबरात सेम्बाची मुदत संपत होती, आणि त्याच महिन्यात तोकुजिरोंना अठ्ठ्याहत्तर पूर्ण होऊन हे काम सुटणार होतं.

म्हणून त्यांचा जीव या एका गोष्टीत अडकला होता. हा शेवटचा माणूस वाटेत हरवू नये.

सेम्बा यायचा. दारात बूट काढून त्यांची टोकं बाहेरच्या दिशेने नीट लावायचा, "त्रास देतो, सेन्सेई," असं गुरुजींना म्हणावं तसं म्हणायचा, बसायचा. पूर्वी अशा वेळी फुसाए मुळ्याच्या लोणच्याची बशी घेऊन यायची आणि परत जायचीच नाही. तिथेच बसून बोलत राहायची. तोकुजिरोंनी नियम वाचून दाखवायचे, बाकी सगळं तिचं. आता लोणचं दुकानातलं होतं आणि खोलीत दोन पुरुष होते.

"काम?"

"चालू आहे."

"तब्येत?"

"बरी आहे."

"गार पडलंय, नाही?"

"हो. पडलंय."

घड्याळाचा काटा मात्र मोठ्याने बोलायचा.

अशात नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याच्या सभागृहात सगळ्या होगोशींना प्रशिक्षणाला बोलावलं. मियाउची-सान नावाची तिशीतली अधिकारी उभी राहिली आणि तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : कौतुक.

"आपण चूक झाली की लगेच बोलतो," ती म्हणाली. "चांगलं केलं तर म्हणतो, त्यात काय, करायलाच हवं होतं. हे आता उलटं करायचं. एकदा टोकलंत, तर चारदा कौतुक."

मागच्या रांगेतून तांदूळवाले निशिवाकी म्हणाले, "चार? लग्नाला एकावन्न वर्षं झाली माझ्या. सगळी मिळून चार भरतात का, घरी जाऊन मोजावं लागेल."

"तुमच्या घरी लागू नाही हो हा नियम," कुणीतरी म्हणालं.

"करा, करा लागू!" निशिवाकींच्या पुढे बसलेल्या बाई वळल्या. "मी स्वतः फोन करून सांगते तुमच्या बायकोला. घेरी येऊन पडेल बिचारी."

सगळं सभागृह हसलं. हशा ओसरायची मियाउची-सानने नीट वाट पाहिली. "आणि कौतुक नेमकं हवं. माणसाचं नाही, त्याने केलेल्या गोष्टीचं. आणि ती गोष्ट तुम्ही स्वतः बघितलेली हवी. 'छान चाललंय हं' हे कौतुक नव्हे, त्या हवापाण्याच्या गप्पा झाल्या."

तोकुजिरोंनी वहीत 'चार' लिहून त्याला गोल केला. पुढचं वाक्य त्यांनी अर्ध्या कानानेच ऐकलं. त्यांच्या मनात केव्हाच बंद दुकानाची फळी पुन्हा उघडली होती. कौतुक! अरे, तो तर आपला पन्नास वर्षांचा धंदा. दोन वर्षं त्या माणसापुढे आपण मुके बसलो, आणि इलाज आपल्याच जिभेवर होता. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून मान तिरकी करून बघत होते. जुना नट आरशापुढे उभा राहावा, तसे.

पुढच्या भेटीला त्यांनी तयारी केली. हिशेब चुकू नये म्हणून चार आगकाड्या चहाच्या ताटलीच्या डाव्या कडेला मांडल्या. एक कौतुक झालं की एक काडी उजवीकडे.

सेम्बा आला. बूट काढले, टोकं बाहेर वळवली.

"वा! या, या सेम्बा-सान. काय शोभून दिसतो हा कोट तुम्हाला. खांदे कसे भरून दिसतात!"

सेम्बाने कोटाकडे बघितलं. गोन्दो मेस्त्रींनी दिलेला, बाही फाटलेला कोट. पहिली काडी उजवीकडे सरकली.

"आणि वेळ कशी पाळता तुम्ही! घड्याळ लावून घ्यावं." दुसरी काडी.

"बस त्याच वेळेला असते," सेम्बा म्हणाला.

"काय हात आहेत हो तुमचे! या हातात कला आहे, मी बघताक्षणी ओळखलं." तिसरी.

सेम्बाने हात कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, पांघरुणाखाली घेतले.

कागदावर तोकुजिरोंनी लिहिलं, 'भेट उत्तम झाली.' पुढच्या खेपेला आठ कौतुकं झाली, टोकणं एकही नाही. त्यापुढच्या खेपेला अकरा. सेम्बाची उत्तरं आखडत आखडत आता नुसत्या मानेवर आली होती. तोकुजिरोंना वाटलं, मुरतंय. जानेवारीतल्या दुसऱ्या भेटीला सेम्बा आला तेव्हा त्याच्या भुवईवर चुना वाळला होता आणि डोळे लाल होते. तीन काड्या सरकल्यावर तोकुजिरोंनी मान तिरकी केली, एक श्वास थांबले आणि म्हणाले, "अहाहा. कारागीर म्हणजे कारागीर! तुमच्या हातची भिंत म्हणजे काय देखणी असेल!"

सेम्बाने बराच वेळ ताटलीकडे बघितलं. मग विचारलं, "सेन्सेई, या काड्या कसल्या?"

"या? अशाच."

"मी आलो की डावीकडे असतात. मी जातो तेव्हा उजवीकडे असतात."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांचं वाक्य अडलं.

"सेन्सेई," सेम्बा शांतपणे म्हणाला, आवाज चढवला नाही की काही नाही, "तुम्ही मला काही विकताय का?"

आणि उठला. दारात बूट घातले. "त्रास दिला," म्हणाला आणि बर्फातून खाली उतरून गेला. चहा तसाच होता. चार काड्या उजवीकडे होत्या.

ठरलेल्या पुढच्या तारखेला तो आला नाही. फोन केला, उचलला नाही. त्यानंतरच्या तारखेलाही आला नाही. न कळवता दोनदा गैरहजर. फेब्रुवारी संपत आला होता आणि तो सरकारी कागद कोतात्सुवर पडून होता. त्यावर ही एक ओळ लिहिली की फाइल हलणार, विचारणा होणार. आणि कोर्टाने लांबणीवर टाकलेली शिक्षा जवळ यायला फार लांबून यावं लागत नाही. ओळ लिहिली नाही, तर तो खोटेपणा. आणि त्याहून वाईट म्हणजे, चूक कुणाची होती हे त्या कागदावर लिहायला जागाच नव्हती.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, जेवलात ना?"

"जेवलो," ते म्हणाले. मग अचानक विचारलं, "मी कधी तुझं कौतुक केलंय का गं?"

"बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"सहज विचारलं."

"दुकानात आलेल्या बायकांचं करायचात. मी जिन्यावर बसून ऐकायचे. वाटायचं, कधीतरी गिऱ्हाईक बनून दारातून आत यावं." ती हसली. पण त्या हसण्याचा सूर काही नीट लागला नाही.

फोन ठेवल्यावर तोकुजिरो उठून बंद दुकानात गेले. थंडी बोचत होती. मांडण्या रिकाम्या. मागच्या भिंतीतलं कपाट मात्र अजून कुलपात होतं. आतलं कपाट. गावातल्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक होतं. ज्या कापडाला शब्दच लागत नाहीत, ते कापड समोर मांडायचंच नाही, तिथे ठेवायचं, हा तोकुजिरोंच्या वडिलांचा रिवाज. विणकराने असा तागा आणला की वडील त्याची सुलटी बाजू बघतच नसत. उलटवायचे, डोळे मिटायचे आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवायचे. एक शब्द नाही. चूक सापडली तर तिथे नख टेकवायचं. नाही सापडली, तर तागा आतल्या कपाटात. तेवढ्यावर दहा कोस चालत आलेला विणकर डोळे पुसत घरी जायचा. तोंडावरची स्तुती गिऱ्हाइकासाठी. आपल्या माणसासाठी कपाट.

त्यांनी कुलूप काढलं. सगळं विकून झालं होतं. खालच्या फळीवर निळ्या कापडाचा एक तुकडा होता, हातभर. त्याला मधोमध शिवण. लग्न होऊन आलेल्या वर्षी फुसाएने घातलेली पहिली शिवण. तिने तो तुकडा त्यांच्यापुढे धरला होता, त्यांनी उलटवला होता, बोट फिरवलं होतं आणि काही न बोलता इथे आणून ठेवला होता. तो प्रसंग ते विसरूनही गेले होते. तिने आठवण करून दिली ती थेट इस्पितळात, नळ्या लावलेल्या असताना, आणि तेही टोमणा मारून.

"तेवढ्यावर मी बेचाळीस वर्षं काढली," ती म्हणाली होती. "बायकांना रोज अहाहा, अहाहा. आणि मला एक कपाट. आणखी एकदा काही ठेवलं असतंत, तर काय मोडलं असतं का हो ते?"

ते हसले होते. तिला उत्तर द्यायचं राहून गेलं.

त्याच दुपारी त्यांनी लोकरी टोपी घातली आणि बस पकडली. सेम्बाची खोली रेल्वेरुळांपलीकडच्या दुमजली चाळवजा इमारतीत होती. लोखंडी जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या बाईने दार किलकिलं केलं.

"कोण हवंय?"

"कापडवाला," तोकुजिरो म्हणाले. सवयच होती ती.

"त्याच्याकडे? तो कसलं कापड घेतोय! त्याच्याकडे नुसता चिखल असतो. रविवारभर थापत बसतो, थाप थाप थाप. सांगा जरा त्याला."

"सांगतो," ते म्हणाले.

सेम्बाने दार उघडलं. बनियन, कोपरापर्यंत चुना. त्याचा चेहरा पडला. "कागद आणलात का, सेन्सेई?"

"नाही. आत येऊ का?"

आत बसायला जागा नव्हती. भिंतीला टेकवून फळ्याच फळ्या उभ्या होत्या, दारं असावीत तेवढ्या, प्रत्येकीवर चुन्याचा पांढरा थर. काही तडकलेल्या, काही खरवडलेल्या.

"त्या दिवशी," सेम्बा उभ्यानेच बोलायला लागला, "मी येण्याआधी मेस्त्रींनी माझी भिंत खरवडून काढली होती. अख्ख्या दिवसाचं काम. मेस्त्री काही बोलत नाहीत. आवडली नाही तर खरवडतात. पोरं बघत होती. मीच ती घाण पोत्यात भरली आणि तुमच्याकडे आलो. आणि तुम्ही म्हणालात, काय देखणी भिंत असेल." त्याने मनगटाने नाक पुसलं. "तुम्ही बघितली होती का ती?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. चुकलं माझं."

हे दोन शब्द त्यांनी गिऱ्हाइकापुढे कधी उच्चारले नव्हते. तोकुजिरोंनी हातमोजे काढले, टोपी काढली, गुडघे मोडून बसले. दुकानात बसायचे तसे. "ही सगळ्यात शेवटची कुठली?"

"ही, अकरावी. परवाची. वाळलीय."

त्यांनी फळी मांडीवर आडवी घेतली. डोळे मिटले. बोटांची टोकं एका कडेपासून सरकवायला लागले, इतक्या हळू की सेम्बा नकळत खाली बसला. खालून एक आगगाडी गेली. फळ्या थरथरल्या, थांबल्या. बोटं पुढे सरकत होती.

"इथे," तोकुजिरोंनी नख टेकवलं, "घाई केलीस."

तुम्ही-तुम्ही करणारा माणूस 'तू'वर आला, हे दोघांनाही एकदमच कळलं.

"हो," सेम्बा म्हणाला. "तिथे फोन वाजला होता."

"माझा?"

"तुमचाच."

"हं." बोटं पुढे गेली. "इथे परत. इथे तुला वाटलं, बिघडलं, म्हणून पुन्हा पुन्हा फिरवलंस. मला गिलाव्यातलं काही कळत नाही. पण घाबरलेला हात मला कळतो. सुईचाही कळतो."

सेम्बाने मान खाली घातली. पण हे ते आधीचं आखडणं नव्हतं. तो पुढे झुकून बघत होता, नख कुठे टेकतंय ते.

मग उजवीकडच्या कडेला बोटं थांबली. मागे आली. पुन्हा गेली. वीतभर रुंदीचा पट्टा असेल. तोकुजिरोंनी डोळे उघडले, फळी उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. त्या पट्ट्यावर उजेड कुठेही अडकत नव्हता.

"हे कधी केलंस?"

"शेवटी. दमलो होतो. काही विचारच नव्हता डोक्यात."

"हा वीतभर," तोकुजिरो म्हणाले आणि त्यांचा आवाज पडला, नाटकी थांबणं वगैरे काही नाही, नुसता पडला, "हे आतल्या कपाटातलं आहे."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. वडील, विणकर, उलटवलेला तागा. फुसाएची शिवणही सांगितली; का सांगितली ते त्यांनाही कळलं नाही. सेम्बाने मध्ये एकदाही 'हो' म्हटलं नाही. सांगून झाल्यावर तो उठला, हात धुतले, एकुलत्या एका कपात चहा ओतून तोकुजिरोंपुढे ठेवला. स्वतःला वाटीत घेतला.

"सेन्सेई, वीतभरच ना पण?"

"वीतभरच. बाकीची खरवड."

सेम्बा हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले. पुढचा एक नव्हता.

महिनाअखेरच्या कागदावर तोकुजिरोंनी खरं ते लिहिलं : न कळवता दोनदा गैरहजर, कारण, होगोशीचे न बघता केलेले कौतुक, घरी जाऊन भेट घेतली, फळी क्रमांक अकराचा उजवा पट्टा उत्तम. मियाउची-सानचा फोन आला.

"कुसाकाबे-सान, हे फळीचं काय आहे?"

"तुम्हीच म्हणालात, नेमकं हवं."

"आणि टोकलंत किती वेळा?"

"तीनदा."

"आणि कौतुक?"

"एकदा."

"उलटं झालं की हो!" पण ती हसत होती. मग गंभीर होऊन म्हणाली, "पुढच्या तारखेला येईल का तो?"

"ते मला सांगता येणार नाही," तोकुजिरो म्हणाले. ते खरंच सांगता येत नव्हतं.

पुढच्या तारखेला चार वाजता त्यांनी पाणी उकळत ठेवलं. चार वाजून दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी आटलं म्हणून त्यांनी आणखी घातलं. साडेचारला दारात काहीतरी धप्प वाजलं. सेम्बा फळी काखेत मारून उभा होता, धापा टाकत. "बसवाला आत घेईना, सेन्सेई. म्हणे सामान मोठं आहे. चालत आलो."

त्यानंतर तो दर खेपेला फळी घेऊन चालत यायचा. तोकुजिरो डोळे मिटून बोटं फिरवायचे. मार्चमध्ये पट्टा दोन विती झाला. मे महिन्यात एकदा अख्खी फळी वाईट निघाली आणि तोकुजिरोंनी तसं सांगितलं, आणि सेम्बा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला, स्वतःच्या आईबद्दल बोलला. जूनमध्ये गोन्दो मेस्त्रींनी पहिल्यांदा त्याची भिंत खरवडली नाही. "काय म्हणाले?" तोकुजिरोंनी विचारलं.

"काही नाही. पुढची भिंत दाखवली."

"हं," तोकुजिरो म्हणाले. दोघंही चहाकडे बघत बसले. त्या घराला एवढं भरल्यासारखं तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि म्हणूनच सप्टेंबर यायला नको होता. आला. शेवटच्या भेटीला सेम्बाने फळी आणली नव्हती. धुतलेला शर्ट घालून तो दारातच गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"उद्यापासून ओळख नाही," तोकुजिरो म्हणाले. "नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सेन्सेई."

"रस्त्यात दिसलो तरी."

"हो."

"बरं. बूट घाल."

तो गेला. बुटांची टोकं जिथे बाहेर वळलेली असायची, त्या दोन चौकोनी फरश्या तोकुजिरो बराच वेळ बघत होते. पुढच्या आठवड्यात त्यांचंही काम सुटलं. सरकारकडून आभाराचं पत्र आलं, त्यांनी ते फुसाएच्या फोटोमागे ठेवलं. महिन्यातल्या त्या दोन दिवशी चार वाजले की ते उठायचे, पाणी ठेवायचे, मग आठवायचं, मग गॅस बंद करायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी ते टोफू आणायला कालव्याकडच्या रस्त्याने निघाले. तिथे साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्या जुन्या कोठीच्या कोठाराचं काम चाललं होतं. बांबूची परांची उतरवत आणली होती आणि नवी पांढरी भिंत उघडी पडत होती. खाली कोपऱ्यावर डोक्याला पंचा बांधलेला एक माणूस पाठमोरा बसून शेवटचा हात फिरवत होता. तोकुजिरोंनी पाठ ओळखली.

त्यांनी पुढे जायला हवं होतं. विजेचा खांब असतो, आपण जातो. पण तिरकं ऊन त्या भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत चाललं होतं आणि कुठेही अडकत नव्हतं. कोपऱ्यावरही नाही. कोपऱ्यावर तर वळताना कळतच नव्हतं की वळलं कधी.

"काय आजोबा, काही हवंय का?" गोन्दो मेस्त्रींनी वरून विचारलं.

"नाही, नाही. बघत होतो." तोकुजिरोंनी टोफूची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. गळ्याशी आलेलं 'अहाहा' त्यांनी गिळलं. "माझं कापडाचं दुकान होतं. ही भिंत माझ्या दुकानात असती, तर मी ती बाहेर मांडली नसती."

वरची दोन पोरं थांबली. मेस्त्रींची भुवई चढली. "काय म्हणालात?"

"बाहेर मांडली नसती, म्हणालो."

"अहो आजोबा!" एक पोरगा भडकला. "तीन दिवस खपलाय तो त्या कोपऱ्यावर! तुम्हाला काय कळतंय यातलं?"

"काही नाही," तोकुजिरो म्हणाले.

पाठमोऱ्या माणसाची थापी थांबली होती. एक श्वास, नेमका तेवढाच. तो वळला नाही. पंच्याखालचे कान मात्र लालबुंद झाले.

"जाऊ द्या रे," तो भिंतीकडेच बघत म्हणाला. आवाज जरा ओला होता, पण चुन्यात काम करणाऱ्याचा असतोच. "वयस्कर आहेत. आणि आजोबा, भिंत ओली आहे अजून. हात लावू नका हं."

"नाही लावत," तोकुजिरो म्हणाले. परक्या माणसापुढे झुकावं तेवढेच झुकले, आणि चालू लागले. मागे पोरगा पुटपुटत होता, मेस्त्री त्याला गप्प करत होते. थापी पुन्हा सुरू झाल्याचा आवाज वळणापर्यंत येत राहिला.

घरी येऊन त्यांनी चहा केला. हाताच्या सवयीने दोन कप भरले. एक फुसाएच्या फोटोपुढे ठेवला, छोटी घंटा वाजवली आणि समोर बसले.

"फुसाए," ते म्हणाले, "कपाट नाही मोडलं."

फोटो नेहमीसारखाच, काहीतरी टोमणा सुचल्यासारखा दिसत होता. बाहेर उजेड उतरत गेला. रविवार यायला अजून तीन दिवस होते. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा कपही पुढे ओढला आणि प्यायला. केलेला चहा टाकायची त्या घरात पद्धत नव्हती.